फी वेगळी, संध्याकाळ वेगळी

अंबरनाथच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला आदल्या रात्रीपासून रांग लागते. वालधुनीच्या काठी माणसं तासन्‌तास पावलापावलानं सरकतात, मग वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पोचतात, आणि पिंडीवर बेल वाहिला न वाहिला तोच "चला, पुढे चला" असं कानावर येतं. दर्शन काही सेकंदांचं, तरी बाहेर पडणारा माणूस प्रसन्न असतो. हाच भाविक दुसऱ्या दिवशी रात्रभर उभं राहून धरलेली कंबर दाखवायला दवाखान्यात जातो, पंख्याखाली खुर्चीत बसून दीड तास थांबतो आणि घरी येऊन समस्त वैद्यकीय व्यवसायाचा उद्धार करतो. हा श्रद्धेचा फरक आहे म्हणून विषय मिटवता येईल, पण मला तो हिशेबाचा फरक वाटतो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधल्या या देवळातल्या देवानं आजवर कुणालाही 'सव्वासहाला या' असं सांगितलेलं नाही. दवाखाना मात्र वेळ देतो, आणि दिलेली वेळ परत घेतो ती व्याजासकट.

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांची पदवी, नोंदणी क्रमांक, वार आणि वेळ लिहिलेली असते. फी बहुतेक ठिकाणी काउंटरवर कळते, आणि तिथेही कळते ती अर्धीच. तपासणीचे जे काही तीनशे-चारशे रुपये असतील तो झाला रोख भाग. उरलेला भाग पेशंटच्या संध्याकाळीतून वळता करून घेतात आणि त्याची पावती मिळत नाही. योराम बार्झेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७४ साली रांग लावून होणाऱ्या वाटपावर एक निबंध लिहिला. त्याचा आशय असा, की वस्तू फुकट किंवा स्वस्त ठेवून रांग लावली म्हणून तिची किंमत नाहीशी होत नाही. ती वेळेत भरावी लागते. ज्याचा वेळ स्वस्त, त्याची मग सरशी होते. अंबरनाथ पूर्वेच्या एखाद्या दवाखान्यात संध्याकाळभर बसायला मिळालं असतं तर बार्झेलना समीकरणं मांडायचे श्रम पडले नसते. डॉक्टरांचा नंबर मिळवताना होणाऱ्या मनस्तापाचं खापर आपण रिसेप्शनवरच्या ताईंच्या आवाजावर, डॉक्टरांच्या बेफिकिरीवर किंवा एकूण देशाच्या शिस्तीवर फोडतो. माझं म्हणणं असं, की यात बेशिस्त फारशी नाही. ही वसुलीची पद्धत आहे, आणि पद्धत म्हणून ती चांगली चोख चालते.

वसुली सुरू होते फोनपासून. 'नंबर सकाळी १० ते १०.३० या वेळेत फोनवर लावले जातील.' त्या अर्ध्या तासात फोन एक, ताई एक, आणि पलीकडे शिवमंदिर रोडपासून कानसईपर्यंतचा सगळा खोकला. अंबरनाथ-बदलापूरचा कमावता माणूस नेमका त्या वेळी घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये कुठेतरी एका हातानं कडी धरून उभा असतो. दुसऱ्या हातानं तो तोच नंबर पुन्हा पुन्हा लावतो, आणि पलीकडची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त असल्याचं त्याला तीन भाषांत ऐकवलं जातं. दहा एकतीसला फोन पहिल्या रिंगमध्ये उचलला जातो, कारण नंबर लावायची वेळ संपलेली असते. त्याच सकाळी खेर सेक्शनमधले निवृत्त काका भाजी आणायला निघालेले असतात. ते जाता जाता दवाखान्यात डोकावतात आणि वहीत नाव लिहून येतात. काकांना सातवा नंबर, लोकलमधल्याला जमलंच तर चौतिसावा. आजार कुणाचा मोठा हे अजून कुणी विचारलेलं नाही. वेळ कुणाचा स्वस्त, एवढंच ठरलं आहे. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे वाचून माहेरची नव्हे, सासरची आठवण येईल. तिकडेही सकाळी आठला फोन सुरू होतात आणि आठची ही झुंबड हा तिकडच्या वर्तमानपत्रांचा बारमाही विषय आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ पासून डॉक्टरची फी घेत नाही. फी गेली, रांग आली. बार्झेल यांचं म्हणणं तिकडे इंग्रजीत चालतं, एवढाच फरक.

आता संध्याकाळचं गणित पाहू. जगातल्या ६७ देशांत प्राथमिक तपासणीला डॉक्टर किती वेळ देतात याचा आढावा २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात आला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपण सुमारे दोन मिनिटांवर. आपल्या डॉक्टरांवर अन्याय नको, म्हणून दोनच्या जागी पाच मिनिटं धरू. दवाखाना सहा ते नऊ. तीस पेशंटांना पाच मिनिटांप्रमाणे अडीच तास होतात, म्हणजे वर अर्धा तास चहाला आणि फोनला उरतो. तिसाव्या नंबरची पाळी साडेआठच्या सुमारास येणार हे पाढे येणाऱ्या कुणालाही सांगता यावं. पण तिसाव्याला साडेआठला बोलावलेलं नसतं. 'सहाला येऊन बसा, डॉक्टर आले की नंबरप्रमाणे सोडू,' असं पहिल्यालाही सांगितलेलं असतं आणि तिसाव्यालाही. डॉक्टर सहाला येत नाहीत हा पुढचा भाग. ते मंगळ-गुरू-शनि येणारे, मोठे, ठाण्या-डोंबिवलीचे डॉक्टर असतील तर पावणेसातला ते काटई नाक्यावर असतात. पावणेसात ही माझी उदार कल्पना आहे, पण 'काटईला आलेत' हे वाक्य मात्र इथल्या प्रत्येक प्रतीक्षाकक्षाला पाठ आहे. डॉक्टर त्या नाक्यावर राहत असावेत असं वाटण्याइतपत ते ऐकू येतं.

हे अज्ञानातून होत असेल असं वाटण्याचा संभव आहे. तसं नाही. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञानं १९५२ साली ब्रिटनमधल्या बाह्यरुग्ण विभागांचा अभ्यास करून साधा नियम सांगितला होता: सुरुवातीला दोन पेशंट एकदम बोलवा, आणि पुढचे एकेक करून, सरासरी तपासणीला जितका वेळ लागतो तेवढ्या अंतरानं. दुसरा पेशंट कशाला? तर पहिला उशिरा आला किंवा चटकन संपला तर डॉक्टरनं रिकामं बसू नये म्हणून. म्हणजे डॉक्टरच्या वेळेचा विमा म्हणून एक माणूस जादा बसवायचा, हे शास्त्राला मान्य आहे. एक माणूस! आपण एकोणतीस बसवतो. बेलीचा निष्कर्षच असा होता, की डॉक्टरचा एखादा क्षण वाचवण्यासाठी पेशंटांचे तास खर्च केले जातात, आणि डॉक्टरचं फारसं काही न बिघडवता ते कितीतरी कमी करता येतात. त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. शोध सापडत नाही म्हणून अडलेलं नाही. पेशंटचा वेळ दवाखान्याच्या जमाखर्चात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून अडलेलं आहे. जे फुकट मिळतं ते काटकसरीनं कोण वापरतो?

तरी ही दुसरी फी सगळ्यांकडून सारखी घेतली जात नाही, आणि मला खरं खटकतं ते इथे. प्रतीक्षाकक्षात बसलेल्यांकडे एकदा नीट पाहावं. कोपऱ्यातले दोन निवृत्त गृहस्थ पेन्शन, पाणी आणि पालिका अशा क्रमानं बोलत आहेत. आवाज बंद केलेल्या टीव्हीवर मालिका चालू आहे आणि तिचा मजकूर ते स्वतःच भरत आहेत. त्यांची संध्याकाळ इथे खर्च होत नाही, उलट बरी जाते. शेजारी एमआयडीसीतला कंत्राटी कामगार. तो पाळी अर्धी टाकून आलाय, म्हणजे त्याचा अर्धा खाडा पडलाय; त्याच्या बाबतीत डॉक्टरांच्या फीत अर्ध्या दिवसाची मजुरी मिळवली तरच खरा आकडा निघेल. पलीकडे तापलेलं मूल मांडीवर घेतलेली बाई. घरी कुकर लावायचाय, मोठ्याची शिकवणी सुटायचीय, आणि तिच्या वेळेला तर कुणी मजुरीतही मोजत नाही. आणि दाराशी, खुर्ची रिकामी असली तरी उभे असलेले, इस्त्रीच्या शर्टातले, काळी बॅगवाले एम.आर. औषध कंपनीचे हे प्रतिनिधी दर चार-पाच पेशंटांमागे एक या मापानं आत सोडले जातात. त्या अख्ख्या खोलीत थांबण्याचा पगार मिळणारा माणूस तेवढा एकच, आणि कधी आत सोडणार याची थोडीफार खात्री असलेलाही तोच.

सरकारी रुग्णालयात हे चित्र आणखी स्वच्छ दिसतं, कारण तिथे रोख भाग उरलेलाच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाले; केसपेपरचे पैसेही गेले. निर्णय चांगलाच होता. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय घ्या. पाचही कॅम्पांपासून अंबरनाथ, बदलापूर आणि पार कर्जतच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांपर्यंतची माणसं त्याच्या भरवशावर असतात. नोटा घेणं थांबल्यावर सगळी फी सकाळीतच गोळा होणार हे ओघानं आलं. ओपीडी सकाळची, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पक्का. मग केसपेपरची रांग, तपासणीची रांग, रक्ताची रांग, औषधाची रांग. आणि तोवर एक्स-रेची वेळ संपते ती दुसऱ्या दिवसाचा खाडा मागून. फोनवर कोड स्कॅन करून नाव नोंदवायची सोय आता देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत येत चालली आहे, आणि तिनं पहिली रांग खरोखर आखडते. त्यामुळे माणूस दुसऱ्या रांगेत लवकर पोचतो. १ मे २०२३ ला राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेत मात्र कुणाच्या तरी डोक्यात ही दुसरी फी आली असावी, कारण कामावरून परतणाऱ्यांसाठी तिथे संध्याकाळची वेळ ठेवली गेली. सरकारी कागदावर पेशंटच्या घड्याळाची अशी दखल घेतलेली क्वचित दिसते, म्हणून नोंदवून ठेवतो.

डॉक्टरांची बाजू मांडणारे इथे म्हणतील, की इमर्जन्सीला घड्याळ नसतं. बरोबर आहे. बाळंतपण सांगून येत नाही, आणि रात्रभर जागलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला उशीर झाला तर तक्रार करणाऱ्यानं स्वतःचा जन्म आठवावा. पण इमर्जन्सी दर मंगळ-गुरू-शनि सहा ते सात याच वेळेत येत असेल तर तिला वेळापत्रकात घ्यायला काय हरकत आहे? शिवाय हा बचाव सर्वांना सारखा लागू पडत नाही. केस गळण्याचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कुठली तातडी अडवून ठेवते, याचा विचार करताना माझे थोडे शिल्लक आहेत तेही धोक्यात येतात. दुसरा मुद्दा डॉक्टर कमी असण्याचा. केंद्र सरकारनं २०२४ साली संसदेत सांगितलेला आकडा, आयुर्वेद-होमिओपॅथीवाले जमेस धरून, दर ८३६ माणसांमागे एक डॉक्टर असा होता. त्यातले बरेच डॉक्टर मोठ्या शहरांत एकवटलेले, हे उघड आहे. पण तुटवड्यामुळे एकतिसाव्या माणसाचा नंबर उद्यावर जाईल. आजच्या तिसांना एकाच ठोक्याला का बोलवायचं, याचं उत्तर तुटवडा देत नाही. डॉक्टर जितका दुर्मीळ तितकं त्याच्या दारातलं वेळापत्रक काटेकोर असायला हवं. इथे उलट आहे: डॉक्टर जितका दुर्मीळ, तितकी वही जाड.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, कारण तो आपल्यावरच येतो. पेशंट वेळ घेतात आणि येत नाहीत. नंबर लावायला पैसे पडत नाहीत, म्हणून एकाच दुखऱ्या गुडघ्यासाठी तीन ठिकाणी नाव लिहिलेलं असतं आणि जिथला नंबर आधी येईल तिथे गुडघा जातो. उरलेले दोन डॉक्टर मग शहाणे होऊन दहा नावं जादा घेऊ लागतात, ते पाहून पेशंट चौथ्या ठिकाणी नाव नोंदवतो, आणि हा परस्पर अविश्वास दोन्ही बाजूंनी मन लावून जोपासला जातो. त्यात 'फक्त रिपोर्ट दाखवायचाय' ही एक स्वतंत्र जमात आहे. रिपोर्ट दाखवायला दोनच मिनिटं लागतात अशी या जमातीची श्रद्धा असते. आत गेल्यावर रिपोर्टनंतर गोळ्यांचा विषय निघतो, गोळ्यांनंतर पथ्याचा, आणि पथ्यावरून सूनबाईंचा. ओळखीवाले वेगळेच. ते रांगेत बसत नाहीत, त्यांचा नंबर डॉक्टरांच्या मोबाइलवर लागतो. हे सगळं मला मान्य आहे, आणि काही दवाखान्यांनी आता अर्धी फी आधी ऑनलाइन मागायला सुरुवात केली आहे तेही समजण्यासारखं आहे. मात्र त्यातून एक अपेक्षा निर्माण होते: आगाऊ पैसे घेणाऱ्यानं आगाऊ वेळही पाळावी. तिथे व्यवहार एकतर्फी राहतो. पेशंट पंधरा मिनिटं उशिरा आला तर त्याचा नंबर शेवटी जातो. डॉक्टर पंधरा मिनिटं उशिरा आले तर वेळेवर आले असं धरतात.

आणि तरीही ही पद्धत टिकून आहे त्याचं मोठं कारण दवाखान्यात नाही, आपल्या डोक्यात आहे. बदलापूरच्या एखाद्या नव्या टॉवरखाली तरुण डॉक्टर दवाखाना थाटतात. खुर्च्या नव्या, एसी थंडगार, पदवी जुन्या डॉक्टरांपेक्षा एक अक्षर जास्त, आणि गेलं की लगेच तपासतात. आपण काय म्हणतो? 'लगेच बघतात म्हणजे चालत नसणार.' मग तिथून उठून आपण अशा डॉक्टरांकडे जातो जिथे चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आलेला आहे, कारण एवढी माणसं वेडी असतील का? त्यांतला प्रत्येकजण आधीचा ढीग पाहून आत शिरलेला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांचं कौशल्य आपल्याला जोखता येत नाही, गर्दी मात्र मोजता येते. तेव्हा गर्दीलाच आपण पदवी मानलं. अशा परिस्थितीत रांग कमी करणारा डॉक्टर स्वतःची पाटी स्वतः उतरवत असतो. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात अंबरनाथचंही होतं. वर्षाला शंभर विद्यार्थी तिथे शिकणार. त्यातले काही याच भागात दवाखाने काढतील आणि मग आपली प्रतीक्षा संपेल अशी आशा बाळगणाऱ्यांनी आपल्या सवयीचा विचार करावा. नव्वद जण नव्या खुर्च्यांवर माश्या मारतील, आणि आपण उरलेल्या दहांच्या जिन्यात चपला शोधत असू.

मग मागायचं काय? मिनिटाला मिनिट पाळणारा डॉक्टर मी मागत नाही. सत्तरीच्या आजींना आपलं दुखणं सांगायला दहा मिनिटं लागली तर ती त्यांना मिळायलाच हवीत, आणि ती माझ्या वाट्यातून गेली तर जाऊ देत. मागणं त्याहून लहान आहे. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना एक गोष्ट दाखवून दिली: किती थांबायचं हे माहीत नसलं की तीच वेळ लांब वाटते. या बाबतीत मध्य रेल्वे इथल्या कुठल्याही दवाखान्याच्या पुढे आहे. रेल्वे वेळेवर असते असा आरोप तिच्यावर कुणी करणार नाही. पण पावसाळ्यात गाडी रखडली की निदान इंडिकेटर बदलतो, गाडी वीस ते पंचवीस मिनिटं उशिरा धावत असल्याचं सांगतात, आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतात. ती दिलगिरी यंत्रातून येते हे ठाऊक असूनही माणूस वडापाव खायला मोकळा होतो. दवाखान्यात एक फळा टांगावा, खडूनं लिहावं: 'डॉक्टर ५० मिनिटे उशिरा. नंबर ९ चालू.' खर्च खडूचा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर तोही नाही. चौतिसावा नंबरवाला मग स्टेशनवरून थेट घरी जाऊन जेवून येईल, कामगार पाळी पुरी करून येईल, आणि मांडीवरचं मूल घरच्या गादीवर झोपलेलं असेल.

ही सूचना कुठल्याही काउंटरवर करून पाहावी. उत्तर नम्र असतं आणि त्यात तसूभरही चूक काढता येत नाही: "असं लिहिलं तर सगळे पन्नास मिनिटांनीच येतील हो. आणि तेवढ्यात डॉक्टर आले म्हणजे? ते काय एकटे बसून राहतील?"